एक भाकर, एक पंगत
आरंभीच्या ख्रिस्ती लेखकांनी प्रभुभोजन कसे समजून घेतले?

ख्रिस्ती माणूस चर्चमध्ये भाकरीचा एक तुकडा खातो आणि द्राक्षारसाचा एक घोट घेतो, एवढे आपल्यापैकी बहुतेकांना ऐकून माहीत असते. कॅथलिक मंडळी या उपासनेला मिस्सा म्हणतात, प्रॉटेस्टंट मंडळी प्रभुभोजन म्हणतात. विधीचे जुने ग्रीक नाव ‘युखारिस्तिया’ आहे आणि त्याचा साधा अर्थ ‘आभार मानणे’ असा होतो. या विधीवर मराठीत जे थोडेफार लिहिले जाते ते बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरते: ती भाकर खरोखर ख्रिस्ताचे शरीर होते, की ती नुसती आठवणीची खूण? या प्रश्नावरून युरोपात चर्च दुभंगले, माणसे जाळली गेली. त्यामुळे हाच या विधीचा मूळ प्रश्न असावा असे कोणालाही वाटेल.

गेली काही वर्षे मी पहिल्या चार शतकांतल्या ख्रिस्ती लेखकांचे लेखन वाचतो आहे. मला ग्रीक येत नाही, लॅटिनही येत नाही. एकाच मजकुराची दोन-तीन इंग्रजी भाषांतरे शेजारी ठेवून, जिथे ती एकमेकांपासून वेगळी जातात तिथे थांबून, असे हे वाचन चालते. पांढरकवड्यासारख्या तालुक्याच्या गावी हे विषय बोलायला माणूस मिळणे कठीण. यवतमाळला १९५३ साली सुरू झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये पुण्याला गेली आणि जिल्ह्यातून एक मोठे ग्रंथालयही तिच्याबरोबर गेले. आता जुनी भाषांतरे घरबसल्या वाचता येतात, ही त्यातल्या त्यात सोय.

या वाचनातून माझी जी समजूत झाली ती आधीच सांगून टाकतो. आरंभीच्या लेखकांना ‘भाकरीचे नेमके काय होते’ या प्रश्नाने फारसे छळलेले दिसत नाही. ते ख्रिस्ताचे शरीर आहे असे ते बेधडक म्हणतात आणि पुढे जातात. त्यांना छळणारा प्रश्न निराळा आहे. ही भाकर कोणी कोणाबरोबर खायची, कोण उपाशी राहिले, आणि जेवून उठल्यावर माणसे एकमेकांशी कशी वागली? हा प्रश्न महाराष्ट्रातल्या वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. पंक्तिभेद, रोटीव्यवहार, सोवळे-ओवळे हे शब्द ज्या भाषेत आहेत, त्या भाषेत हा इतिहास वाचण्याला वेगळाच अर्थ आहे.

करिंथची पंगत

येशूच्या शेवटच्या भोजनाचा सर्वांत जुना लिखित वृत्तांत शुभवर्तमानांत नाही. तो पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, अकराव्या अध्यायात आहे. हे पत्र साधारण इ.स. ५४-५५ चे. मार्काचे शुभवर्तमान त्यानंतर सुमारे पंधरा वर्षांनी आले, असे अभ्यासक धरतात. पौलाने हा वृत्तांत लिहायला कारण काय घडले, ते पाहण्यासारखे आहे.

करिंथ हे बंदराचे, व्यापाराचे शहर. तिथले ख्रिस्ती लोक एखाद्या ऐपतदार घरी जमत आणि एकत्र जेवत. वेगळी देवळे तेव्हा नव्हती, आणि वेगळा विधी असाही नव्हता. जेवतानाच भाकर मोडली जाई, प्याला फिरे. घडायचे असे की ज्यांना कामधंद्याची घाई नव्हती ते आधी येऊन बसत आणि आपापले खाऊन-पिऊन घेत. दिवसभर राबून येणारे मजूर आणि गुलाम पोहोचेपर्यंत काहींना नशा चढलेली असे आणि उशिरा आलेले उपाशी राहत. पौल भडकतो. तुमच्या या जेवणाला प्रभूचे भोजन म्हणता येत नाही, ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही खाली पाहायला लावता, असे तो बजावतो. आणि मग, या खरडपट्टीच्या मधोमध, येशूने पकडले जाण्याच्या रात्री भाकर कशी मोडली ते सांगतो. म्हणजे ख्रिस्ती धर्माच्या मध्यवर्ती विधीचा पहिला लेखी पुरावा पंक्तिभेदाच्या तक्रारीतून जन्माला आला आहे.

पौलाची याच प्रकारची दुसरी चकमक गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात आहे. अंत्युखिया शहरात पेत्र हा येशूचा ज्येष्ठ शिष्य यहुदी नसलेल्या ख्रिस्ती लोकांबरोबर जेवत असे. यरुशलेमहून कर्मठ मंडळी आली तेव्हा तो बिचकला आणि त्यांच्या पंगतीतून उठून वेगळा बसू लागला. पौलाने सर्वांसमक्ष त्याला तोंडावर सुनावले. स्वतः येशूवरही त्याच्या काळातल्या लोकांचा मोठा आक्षेप हाच होता की हा जकातदारांबरोबर आणि पापी लोकांबरोबर जेवतो. जन्माने आणि शुद्धीच्या नियमांनी आखलेल्या रेषा ताटापाशी पुसायच्या की नाहीत, हा वाद नव्या धर्माच्या पाळण्यातच सुरू झाला होता.

डोंगरावर विखुरलेले दाणे

१८७३ साली कॉन्स्टँटिनोपलमधल्या एका ग्रंथसंग्रहात फिलोथेओस ब्रायेनिओस या ग्रीक धर्माधिकाऱ्याला एक जुने हस्तलिखित सापडले. त्यात ‘दिदाखे’, म्हणजे ‘शिकवण’, नावाची छोटी पुस्तिका होती. ती १८८३ मध्ये छापून आली आणि अभ्यासकांची एकच धांदल उडाली. पहिल्या शतकाच्या अखेरीस किंवा दुसऱ्याच्या आरंभी लिहिलेली ही पुस्तिका म्हणजे मंडळी चालवण्याचे नियमपुस्तकच आहे. बाप्तिस्मा कसा द्यावा, उपास कोणत्या वारी करावा, फिरत्या उपदेशकाला किती दिवस ठेवून घ्यावे, असे सगळे त्यात येते.

त्यात युखारिस्तियाच्या प्रार्थना आहेत, आणि त्या वाचून आजचा ख्रिस्ती वाचकही चमकतो. आधी प्याल्यासाठी आभार, मग भाकरीसाठी. शेवटच्या रात्रीचा उल्लेख नाही, शरीर आणि रक्त हे शब्द नाहीत. मुख्य प्रतिमा शेताची आहे: ही भाकर जशी डोंगराडोंगरावर विखुरलेली होती आणि गोळा होऊन एक झाली, तशी तुझी मंडळी पृथ्वीच्या टोकांपासून एकत्र येवो. या प्रार्थना खुद्द विधीच्या की त्यासोबतच्या प्रेमभोजनाच्या, यावर अभ्यासकांत वाद आहे. त्या काळी दोहोंत आजच्यासारखी भिंत नसावी असे मानणारा पक्ष मला अधिक पटतो, कारण करिंथमध्येही ती दिसत नाही.

दिदाखेत दोन अटी आहेत. बाप्तिस्मा न झालेल्याने हे खायचे नाही, ही पहिली. शेजाऱ्याशी भांडण असेल तर समेट होईपर्यंत पंगतीला यायचे नाही, ही दुसरी. म्हणजे या पंगतीलाही उंबरठा होता. ती सताड उघडी नव्हती. पण तो उंबरठा जन्माचा नव्हता. कोणीही दीक्षा घेऊन तो ओलांडू शकत होता, आणि ओलांडल्यावर आत पुन्हा उतरंड असू नये अशी अपेक्षा होती.

औषध, बदनामी आणि खुलासा

सुमारे ११० साली अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस याला सैनिकांच्या पहाऱ्यात रोमला नेत होते. तिथे त्याला श्वापदांपुढे टाकायचे होते. वाटेत त्याने निरनिराळ्या मंडळींना पत्रे लिहिली. येशूला खरे शरीर नव्हतेच, तो नुसता भास होता, असे सांगणारा एक पंथ तेव्हा फोफावत होता. इग्नेशियस त्यांच्यावर तुटून पडतो. ही भाकर ख्रिस्ताचे मांस आहे हे मान्य नसल्याने ते लोक पंगतीपासून दूर राहतात, असे तो लिहितो. मरणावर मात करणारे औषध असे तो या भाकरीला म्हणतो. इथवरचा इग्नेशियस सगळ्यांना ठाऊक असतो, कारण वादात त्याचे दाखले दिले जातात. पण स्मुर्णाच्या मंडळीला लिहिलेल्या त्याच पत्रात, याच वाक्याच्या अगदी आधी, त्या पंथाची ओळख सांगताना तो म्हणतो की या लोकांना विधवेची, अनाथाची, कैद्याची, भुकेल्या-तान्हेल्याची फिकीर नाही. इग्नेशियसच्या लेखी हे दोन्ही दोष एकच आहेत. ज्याला देवाचे शरीर खरे वाटत नाही, त्याला शेजाऱ्याच्या शरीराची भूकही खरी वाटत नाही.

याच सुमारास, ११२ च्या आसपास, आशिया मायनरमधला रोमन सुभेदार प्लिनी सम्राट ट्रेजनला पत्र लिहून विचारतो की या ख्रिस्ती लोकांचे करायचे काय? त्याने दोन दासींचा छळ करून चौकशी केली. हे लोक ठरावीक दिवशी पहाटे जमतात, ख्रिस्ताला देव मानून गीत म्हणतात आणि नंतर पुन्हा जमून साधे, निरुपद्रवी अन्न खातात, एवढेच त्याच्या हाती लागले. ‘साधे, निरुपद्रवी’ असे त्याला मुद्दाम लिहावे लागले, कारण बाहेर अफवा भलत्याच होत्या. बंद दाराआड हे लोक मांस खातात आणि रक्त पितात, कोवळी मुले मारतात, असे लोक बोलत. मिन्युशियस फेलिक्स आणि अथेनागोरस या ख्रिस्ती लेखकांना या आरोपांची उत्तरे द्यावी लागली. अल्पसंख्य समाजाच्या ताटात काय आहे यावरून त्याची बदनामी करण्याची रीत अशी जुनी आहे.

अफवा खोडण्यासाठी जस्टिन या तत्त्वज्ञाने सुमारे १५५ साली सम्राट अँटोनायनस पायसला उद्देशून एक निवेदन लिहिले. जस्टिन मूळचा पॅलेस्टाइनमधल्या आजच्या नाब्लुसचा, राहायला रोमला. पुढे १६५ च्या सुमारास त्याचा शिरच्छेद झाला. त्याने रविवारच्या सभेचे तपशीलवार वर्णन केले आहे. शहरातले आणि खेड्यातले लोक एका ठिकाणी जमतात. प्रेषितांच्या आठवणी आणि संदेष्ट्यांचे ग्रंथ वेळ असेल तितके वाचले जातात. मग प्रमुख बोलतो, सगळे उभे राहून प्रार्थना करतात. भाकर आणि पाणी मिसळलेला द्राक्षारस आणला जातो, प्रमुख आभार मानतो आणि लोक ‘आमेन’ म्हणतात. वाटप होते आणि जे येऊ शकले नाहीत त्यांचा वाटा सेवक घरी नेऊन देतात.

जस्टिन लगेच सांगतो की हे साधे अन्न नव्हे, येशूचे मांस आणि रक्त आहे असे आम्हाला शिकवले गेले आहे. ते कसे, याचा खल तो करत नाही. त्याचा परिच्छेद पुढे जातो तो वर्गणीकडे. ज्याची ऐपत आणि इच्छा आहे तो देतो. जमलेले प्रमुखाकडे राहते. त्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परगावचे पाहुणे यांची सोय होते. एका परक्या सम्राटाला आपला सर्वांत पवित्र विधी समजावून सांगताना या माणसाला वर्गणीचा हिशेब वगळता आला नाही.

मातीचा मान

१८० च्या सुमारास गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या, लिऑन शहरात इरेनियस बिशप होता. त्याच्यापुढे नॉस्टिक पंथांचे आव्हान होते. हे पंथ म्हणत की जड सृष्टी ही एका हलक्या देवाची चूक आहे. आत्मा शुद्ध, शरीर मात्र घाण. इरेनियस उत्तरासाठी भाकरीकडे बोट दाखवतो. गव्हाचा दाणा मातीत पडतो, कुजतो, उगवतो, त्याची भाकर होते. जगाची माती जर वाईट, तर तिच्यातून उगवलेली भाकर तुम्ही देवापुढे ठेवता कशाला? भाकरीवर देवाचे आवाहन झाले की ती नुसती भाकर राहत नाही, तिच्यात पृथ्वीचे आणि स्वर्गाचे असे दोन्ही अंश असतात, असे तो म्हणतो. शरीर तुच्छ नाही, अन्न तुच्छ नाही, आणि अन्न पिकवणारी मातीही तुच्छ नाही. कपाशीच्या आणि तुरीच्या काळ्या रानात राहणाऱ्या मला हा युक्तिवाद पुस्तकी वाटत नाही.

उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा टर्टुलियन हा वकिली बाण्याचा लेखक. ही भाकर ख्रिस्ताच्या शरीराची ‘आकृती’ आहे, असे त्याचे एक वाक्य पुढच्या काळात प्रॉटेस्टंटांनी फार वापरले. पण वाक्य कोणत्या वादातले ते पाहावे. मार्सियन नावाचा विरोधक येशूला खरे शरीर नव्हते म्हणत होता. टर्टुलियनचे उत्तर असे की खरी वस्तू असेल तरच तिची आकृती असते. भुताची आकृती काढता येत नाही. म्हणजे खूण आणि खरेपण हे त्याच्या डोक्यात एकमेकांचे वैरी नव्हते. हाच टर्टुलियन दुसरीकडे लिहितो की भाकरीचा कण किंवा प्याल्याचा थेंब जमिनीवर सांडला तर आमच्या जिवाला लागते.

त्याच शहरातला बिशप सिप्रियन २५० नंतरच्या दशकात एका अडचणीवर पत्र लिहितो. काही मंडळी सकाळच्या विधीत द्राक्षारसाऐवजी नुसते पाणी वापरू लागली होती. छळाचे दिवस होते. सकाळी तोंडाला द्राक्षारसाचा वास आला तर लोक ओळखतील, ही भीती त्यामागे होती. सिप्रियन नाही म्हणतो, आणि कारण सुंदर देतो. द्राक्षारस म्हणजे ख्रिस्त, पाणी म्हणजे लोक. प्याल्यात दोन्ही मिसळले की पुन्हा वेगळे करता येत नाहीत. नुसते पाणी दिले तर ख्रिस्ताविना लोक होतील. नुसता द्राक्षारस दिला तर लोकांविना ख्रिस्त.

राजाश्रयानंतर

३१३ साली रोमन साम्राज्याने ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली. घरातली सभा भव्य इमारतीत गेली, पाहुणे हजारोंनी वाढले आणि विधीभोवती भय-आदराचे वलय आले. चौथ्या शतकात यरुशलेमचा सिरिल याच्या नावावर असलेल्या प्रवचनांत नवदीक्षितांना शिकवले आहे की डावा हात उजव्या हाताखाली सिंहासनासारखा धरा आणि कण सांडू देऊ नका. सोन्याचा चुरा कोणी दिला असता तर किती जपला असता? मिलानचा अँब्रोज सांगतो की ख्रिस्ताचे शब्द उच्चारले जाताच भाकर पालटते, कारण ज्या शब्दाने शून्यातून सृष्टी झाली त्याला आहे ते बदलणे जड नाही. पुढचा सगळा पालटाचा सिद्धांत इथे बीजरूपाने दिसतो.

पण याच काळातले दोन आवाज जुना धागा सोडत नाहीत. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टीन नवदीक्षितांना सांगतो की टेबलावर जे ठेवले आहे ते तुम्हीच आहात. दाणे वेगवेगळे होते. तुम्ही दळले गेलात, बाप्तिस्म्याच्या पाण्याने तिंबले गेलात, पवित्र आत्म्याच्या विस्तवावर भाजले गेलात, एक भाकर झालात. आता जे पाहता ते व्हा. आमच्याकडे शेतात गोवऱ्यांच्या विस्तवावर रोडगे भाजतात. ते ज्याने खाल्ले आहेत त्याला ऑगस्टीनच्या या उपमेचा अर्थ वेगळा सांगायला नको.

दुसरा आवाज जॉन क्रिसोस्टमचा. हा अंत्युखियाचा उपदेशक पुढे राजधानी कॉन्स्टँटिनोपलचा बिशप झाला, दरबाराशी बिनसले आणि ४०७ साली हद्दपारीत वारला. त्याचे म्हणणे असे की ख्रिस्ताच्या शरीराला चर्चमध्ये रेशीम पांघरता आणि तोच ख्रिस्त दाराबाहेर थंडीत उघडा बसला आहे त्याच्याकडे पाहत नाही, तर हा मान कसला? सोन्याचा प्याला देवाला नको आहे. आधी भुकेल्याला जेवू घाला आणि उरले तर टेबल सजवा.

भांडण कुठून आले?

भाकरीचे नेमके काय होते, यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिण्याची वेळ थेट नवव्या शतकात आली. फ्रान्समधल्या कॉर्बी मठातल्या पास्कासियस राडबर्टसने ८३१ च्या सुमारास एक ग्रंथ लिहिला आणि त्याच मठातल्या रात्राम्नसने पुढे त्याच्याशी मतभेद नोंदवला. १२१५ च्या लॅटरन परिषदेने ‘द्रव्यपालट’ हा शब्द अधिकृत केला. १५२९ मध्ये मारबुर्गला लूथर आणि झ्विंगली समेटासाठी बसले आणि याच एका मुद्द्यावर फिसकटले. १५५१ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने कॅथलिक भूमिका पक्की केली. चौथ्या शतकापर्यंतचे दाखले दोन्ही बाजूंनी उपसले, पण बहुतेक दाखले आजूबाजूच्या विधवा, अनाथ आणि वर्गणी सोडून, तेवढे वाक्य कापून घेतलेले होते.

पाव आणि भाकर

हे दोन्ही प्रवाह आपल्याकडे आले. पहिला पोर्तुगिजांबरोबर गोव्यात आणि वसईत, दुसरा १८१३ मध्ये मुंबईत उतरलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांबरोबर. इथे मात्र द्रव्यपालटाचा वाद समाजाच्या कानीही गेला नाही. समाजाने प्रश्न विचारला तो करिंथचाच: कोण कोणाबरोबर जेवले?

पोर्तुगीज ‘पांव’चा आपला ‘पाव’ झाला. गावच्या विहिरीत पाव टाकला, लोक ते पाणी प्याले आणि अख्खे गाव बाटले, ही कथा वसईत आणि गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ती घडली की नाही यापेक्षा ती लोकांना पटत होती, हे महत्त्वाचे आहे. इग्नेशियसला जे मरणावरचे औषध वाटले तेच इथे विटाळाचे विष ठरले. अन्नाने माणूस बदलतो यावर मात्र दोघांचाही ठाम विश्वास होता. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या फादर स्टीफन्सने मराठीत सुमारे अकरा हजार ओव्यांचे क्रिस्तपुराण रचले आणि ते १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. वैकुंठ, पुराण, ओवी हे सारे त्याने इथलेच घेतले. पुराण ऐकणे या समाजाला सोपे होते. एका टेबलापाशी जेवणे कठीण होते.

एकोणिसाव्या शतकात हे आणखी उघड दिसते. १८४३ मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याचा बाप्तिस्मा झाला नव्हता, तो फक्त मिशनऱ्यांकडे राहिला आणि जेवला होता. न्यायालयाने मुलाला वडिलांच्या ताब्यात दिले, पण जातीने घ्यायचे की नाही यावर वादळ उठले. प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे असा आग्रह धरणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांनाही त्याची झळ सोसावी लागली. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे पुढे आली. गोपाळराव जोशींनी उपस्थितांची नावे छापून टाकली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे दोघेही त्यात अडकले. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. एका कपाची ही किंमत होती. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त श्रद्धेचा प्रवास आणि सोवळे सुटण्याचा प्रवास एकमेकांत गुंतलेले आहेत, ते उगाच नाही.

जिथे एकत्र बसायचे ठरले तिथेही सोपे नव्हते. तमिळ मुलखात जुन्या लूथरन मंडळींत जातवार बसण्याची आणि प्रभुभोजनाला जातीच्या क्रमाने येण्याची रीत रुळली होती. १८३३ मध्ये बिशप डॅनियल विल्सनने ती बंद करण्याचा हुकूम काढला, तेव्हा तंजावर भागातल्या बऱ्याच उच्चजातीय ख्रिस्ती लोकांनी चर्च सोडले. महाराष्ट्रात अमेरिकन मिशनने अहमदनगरला ब्राह्मण आणि महार या दोन्ही समाजांतून आलेल्यांची एकच मंडळी बांधायचा प्रयत्न केला.

या काळाने आपल्याला एक शब्द दिला. येशूच्या हातातल्या अन्नाला आजचे प्रचलित मराठी बायबल ‘भाकर’ म्हणते. गव्हाचा पाव त्या काळच्या कष्टकऱ्याच्या घरी नव्हताच. ज्वारीची भाकर होती, ती मोडून खाल्ली जात होती, आणि ती कोणी कोणाला वरून टाकायची याचेही नियम होते. त्या भाकरीला देवाच्या पंगतीत बसवणे हे साधे भाषांतर नव्हते.

आपल्या परंपरेतही याची ओळख होतीच. आमच्या विदर्भातल्या रिद्धपूरचे गोविंदप्रभू अस्पृश्यांच्या घरी जाऊन जेवत, असे त्यांच्या तेराव्या शतकातल्या चरित्रात येते. महानुभाव पंथात देवाने हाताळलेल्या वस्तूला ‘प्रसाद’ म्हणून जे पावित्र्य आहे, त्याने सिरिलच्या श्रोत्यांना अचंबा वाटला नसता. वारकऱ्यांच्या गोपाळकाल्यात सर्वांच्या शिदोऱ्या एकत्र कालवल्या जातात, आणि कोणाचा घास कोणता ते ओळखता येत नाही. सिप्रियनचा प्याला आठवावा असेच हे आहे.

तरीही एक आक्षेप उरतो आणि तो बाबासाहेब आंबेडकरांचा आहे. १९३६ च्या ‘जातिसंहारा’वरील आपल्या लिखित भाषणात त्यांनी मांडले की सहभोजनाने जात मेलेली नाही. पंगतीतून उठल्यावर माणूस आपल्या जातीत परत जातो. ख्रिस्ती इतिहास या आक्षेपाला खोटे पाडत नाही, दुजोराच देतो. तीनशे वर्षे एका भाकरीवर वाढलेल्या समाजात गुलामगिरी टिकून होती, आणि क्रिसोस्टमच्या दाराबाहेरचा उघडा माणूस प्रवचनानंतरही तिथेच होता. म्हणूनच मला जस्टिनचे वर्णन सर्वांत मोलाचे वाटते. त्याची पंगत जेवण संपल्यावर संपत नाही. वर्गणी जमते, ती अनाथापर्यंत आणि कैद्यापर्यंत जाते, आणि जो येऊ शकला नाही त्याचा वाटा कोणीतरी उचलून त्याच्या घरी नेतो.

आमच्या भागात लग्नातल्या पंगती आता गेल्या, उभ्याने जेवण्याचे बुफे आले. पंगतीबरोबर पंक्तिभेदही गेला, असे लोक समाधानाने म्हणतात. ते अर्धे खरे आहे. बुफेत कोणाच्या शेजारी बसावे लागत नाही, कोणाला वाढावे लागत नाही, आणि कोण आले नाही हेही कळत नाही. आरंभीच्या ख्रिस्ती लेखकांकडून घेण्यासारखे काही असेल तर ते एवढेच, की भाकर पवित्र आहे की नाही हे ती कोणाकोणापर्यंत पोहोचली यावरून ते तपासत होते. ती कसोटी कोणत्याही धर्माच्या स्वयंपाकघराला लावता येते.